विमा आणि पैज

थोडी रक्कम आज द्यावयाची, आणि पुढें एखादी अनिश्चित गोष्ट घडली तर मोठी रक्कम घ्यावयाची, एवढेंच पाहिलें तर विमा आणि पैज यांत भेद दिसत नाहीं. घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणारा आणि आपल्या दुकानाचा आगीचा विमा उतरविणारा हे दोघेहि अनिश्चिततेचाच व्यवहार करतात. असें असतां एकाला समाज व्यसनी म्हणतो व दुसऱ्याला दूरदर्शी. एकाचा करार आपल्या १८७२ च्या करारांच्या कायद्याचें ३० वें कलम निरर्थक ठरवितें, आणि दुसऱ्याचा करार न्यायालयें अंमलांत आणतात. हा भेद कशांत आहे? कोणा एका शास्त्रकारानें त्याचें उत्तर एका बैठकींत लिहून ठेवलेलें नाहीं. व्यापारी, जुगारी, न्यायाधीश व कायदेमंडळें यांच्या दीर्घ ओढाताणींतून तें निघालें आहे. आणि ज्याच्या कपाटांत विम्याचा एखादा कागद घडी करून ठेवलेला आहे अशा प्रत्येकाचा त्याशीं संबंध आहे.

जोखमीची किंमत ठरविण्याची कल्पना आपणांस परकी नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतींत अरण्यांतून जाणाऱ्या ऋणकोनें दरमहा शेंकडा दहा, व समुद्रावर जाणाऱ्यानें शेंकडा वीस व्याज द्यावें असें सांगितलें आहे. कारण मनुष्य वाटेंत नष्ट झाला तर धनकोचें मुद्दलहि बुडावयाचें. पुढें पश्चिम किनाऱ्यावरील पेढ्यांत 'जोखमी हुंडी' चाले. माल जहाजावर चढविणारा व्यापारी ती हुंडी पेढीवाल्यास विकी; माल सुखरूप पोंचला तरच तिचे पैसे मिळत, जहाज बुडालें तर पेढीवाल्यानें हात झटकावयाचे. या व्यवहारांत कर्ज आणि विमा एकमेकांत मिसळलेले होते, आणि त्यामुळेंच त्यांत पैजेला सहसा वाव नव्हता. कारण ज्याचा माल जहाजावर, तोच हुंडी लिहिणारा.

विमा कर्जापासून सुटा होऊन स्वतंत्र धंदा बनला, तेव्हां हें कुंपण पडलें. ही गोष्ट इंग्लंडच्या इतिहासांत स्पष्ट दिसते. सप्टेंबर १६६६ च्या आगींत लंडनमधील तेरा हजारांवर घरें जळालीं. त्यानंतर निकोलस बार्बन नांवाच्या, वैद्यकी शिकून घरें बांधण्याच्या धंद्यांत शिरलेल्या गृहस्थानें १६८० च्या सुमारास घरांचा आगीचा विमा उतरविण्यास आरंभ केला. इकडे एडवर्ड लॉइड याच्या कॉफीगृहांत जहाजांचे मालक व धनिक जमत. जहाजाचें नांव व सफर लिहिलेल्या कागदाखालीं प्रत्येक धनिक आपल्या हिश्श्याची रक्कम घालून सही करी. विमा पत्करणारास इंग्रजींत अजूनहि 'खालीं लिहिणारा' अशाच अर्थाचा शब्द आहे.

परंतु सही करणाऱ्यास हप्ता मिळाला म्हणजे झालें. विमा मागणाऱ्याचें जहाजांत कांहीं आहे कीं नाहीं हें कोण विचारतो? ज्याचा जहाजांत एक दोरखंडहि नाहीं असे लोक तें बुडण्यावर पॉलिसी घेऊं लागले. यांतील अनर्थ उघड आहे. जहाज तरण्यांत ज्याचें हित नाहीं आणि बुडण्यांत मात्र आहे, त्याची प्रार्थना कोणत्या देवाला पोंचावी? मुद्दाम नष्ट केलेल्या जहाजांचा उल्लेख करूनच पार्लमेंटनें १७४६ सालीं असल्या सागरी पॉलिसी रद्द ठरविल्या, आणि १७७४ च्या कायद्यानें मनुष्याच्या आयुष्याचा व इतर घटनांचा विमाहि हितसंबंधाशिवाय उतरविण्यास बंदी केली. तरीहि फ्रान्सचा सरदार शेव्हलिये द एऑन स्त्री कीं पुरुष, यावरहि लंडनमध्यें पॉलिसी निघाल्या होत्या. शेवटीं १७७८ सालीं अशा पैजेवर दावा चालणार नाहीं असें न्यायालयानें ठरविलें. विम्याचें पहिलें तत्त्व तें हेंच: ज्या वस्तूच्या नाशानें तुमचें नुकसान होत नाहीं, तिचा विमा तुम्हांस उतरवितां येत नाहीं.

दुसरें तत्त्व यांतूनच निघतें. विम्यानें नुकसान भरून यावें, नफा होऊं नये. १८८३ सालीं इंग्लंडच्या अपील कोर्टापुढें आलेल्या एका खटल्यांत घर विकण्याचा करार झाल्यावर तें घर जळालें. मालकानें विमा कंपनीकडून ३३० पौंड घेतले आणि नंतर खरेदीदाराकडून ठरलेली पूर्ण किंमतहि घेतली. म्हणजे आग लागली हें त्याचें भाग्यच! न्यायाधीशांनीं कंपनीचे पैसे परत देवविले. आग लागल्यानें मनुष्य श्रीमंत होऊं लागला तर आगी लागणारच, हा साधा व्यवहार या निकालाच्या मुळाशीं आहे.

तिसरें तत्त्व सर्वांत नाजूक. आणि माझ्या मतें इतर दोहोंपेक्षां अधिक महत्त्वाचें. तें पूर्ण सचोटीचें होय. त्याचा प्रसिद्ध निकाल १७६६ सालीं लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं दिला. सुमात्रा बेटांत बेंकूलन येथें ईस्ट इंडिया कंपनीचा मार्लबरो नांवाचा किल्ला होता. तो एखाद्या युरोपीय शत्रूच्या हातीं जाईल या धोक्याचा विमा तेथील गव्हर्नर कार्टर याच्यासाठीं त्याच्या भावानें मे १७६० मध्यें लंडनमध्यें उतरविला. फ्रेंचांनीं एप्रिलमध्येंच किल्ला घेतला होता. पण तें वृत्त तोंवर लंडनला पोंचलेंच नव्हतें. विमा पत्करणाऱ्या बोम यानें पैसे देण्याचें नाकारलें. किल्ला दुबळा होता व फ्रेंचांच्या हल्ल्याचा संभव होता, ह्या गोष्टी गव्हर्नरनें लपविल्या, असें त्याचें म्हणणें.

मॅन्सफील्ड यांनीं तत्त्व मान्य केलें, पण निकाल कार्टरच्या बाजूनें दिला. जी गोष्ट एकालाच ठाऊक आहे ती त्यानें दडवूं नये. कारण दुसरा त्याच्या शब्दावर विसंबून जोखीम पत्करतो. परंतु जें दुसऱ्यास ठाऊक आहे, किंवा विचारलें असतें तर सहज कळलें असतें, तें सांगितलें नाहीं म्हणून करार मोडतां येत नाहीं. किल्ल्याची स्थिति सर्वश्रुत होती; युद्धाचा रंग लंडनमध्यें बसलेल्या मनुष्यास अधिक चांगला कळत होता. कांहीं एक न विचारतां त्यानें हप्ता घेतला, आणि हानि झाल्यावर मात्र प्रश्न सुचले! शिवाय हें बंधन दोघांवर आहे. जहाज सुखरूप पोंचल्याचें गुप्तपणें कळलें असतां जो त्याचा विमा पत्करून हप्ता घेईल, त्यास तो हप्ता परत करावा लागेल, असें मॅन्सफील्ड यांनींच सांगितलें आहे.

पुढील दीडशें वर्षांत या निकालाचा पहिला अर्धा भाग वाढला आणि दुसरा सुकला. १९०६ च्या इंग्लिश सागरी विमा कायद्यांत, विचारी विमेवाल्याला महत्त्वाची वाटेल अशी प्रत्येक गोष्ट विमा उतरविणारानें आपण होऊन सांगितली पाहिजे, नाहीं तर कंपनीला सारा करार रद्द करतां येईल, असें ठरलें. चूक निष्कपट असो, आगीशीं तिचा कांहीं संबंध नसो, परिणाम एकच. विचारी विमेवाल्याला काय वाटेल, हें किराणा दुकानदारानें कसें ओळखावें? सचोटीसाठीं निर्माण झालेला नियम अशा रीतीनें भरपाई नाकारण्याचें हत्यार बनला. अखेर ब्रिटिश पार्लमेंटनें २०१२ सालीं सामान्य ग्राहकापुरतें असें ठरविलें कीं त्यानें विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें वाजवी काळजीनें द्यावीं. आणि २०१५ सालीं व्यापाऱ्यांच्या विम्यांतहि निष्कपट चुकीबद्दल सरसकट सर्वनाशाची शिक्षा काढून तिच्या प्रमाणांत परिणाम ठेवला. मॅन्सफील्ड यांच्या निकालाचा उरलेला अर्धा भाग परत मिळविण्यास अडीचशें वर्षें लागलीं. आपल्याकडे १९६३ चा सागरी विमा कायदा १९०६ च्या इंग्लिश कायद्याच्याच धर्तीवर झालेला आहे, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

विमेवाल्याच्या सचोटीचें दुसरें अंग म्हणजे त्याची ऐपत. तो आज पैसे घेतो व वचन उद्यांचें देतो. म्हणून नुसता करार पुरत नाहीं, राज्यसत्तेची देखरेख लागते. १९३८ च्या विमा कायद्यानें आपल्या देशांत कंपन्यांची नोंदणी, सरकारजमा अनामत व हिशेबांची तपासणी हीं बंधनें घातलीं. १९७३ च्या आरंभापासून सर्वसाधारण विम्याच्या १०७ कंपन्यांचा धंदा सरकारकडे आला, आणि १९९९ च्या कायद्यानें खासगी कंपन्यांस पुन्हां वाट मिळून त्यांवर स्वतंत्र नियामक मंडळ बसलें. मोटारींच्या बाबतींत १९३९ च्या कायद्यानें याहून एक पाऊल पुढें टाकलें: रस्त्यानें जाणाऱ्या ज्या मनुष्यानें करारावर सही केलेली नाहीं, त्याच्या इजेसाठींहि विमा सक्तीचा केला.

कराराला सीमाहि असतात. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत दारूगोळा व कापूस यांनीं भरलेल्या 'फोर्ट स्टायकीन' जहाजास आग लागली, मग स्फोट झाले, आणि स्फोटांनीं पुन्हां आगी लागल्या. साध्या आगीच्या विम्यांत तेव्हां स्फोटाचा धोका बहुधा धरलेला नसे. मग जळालेल्या वखारीचें कारण आग म्हणावें कीं स्फोट? या वादांत हजारों लोकांस गुंतवून ठेवणें शक्य नव्हतें. सरकारनें वटहुकूम काढून भरपाईची व्यवस्था केली.

पैजेंत एकाचा लाभ ती दुसऱ्याची हानि असते, आणि दोघेहि एकमेकांचें अज्ञान धुंडाळीत असतात. विम्यांत अनेकांच्या हप्त्यांतून एकाची हानि भरून निघावी अशी योजना असते. परंतु हा भेद कागदाच्या नांवानें टिकत नाहीं. मालकानें आगीची इच्छा धरली कीं विम्याची पैज होते. आणि कंपनीनें हप्ता घेतांना डोळे मिटून भरपाई देतांना तेवढे उघडले, तरीहि त्याची पैजच होते. पहिला दोष कायद्यानें लौकर ओळखला. दुसरा ओळखावयास त्यास फार वेळ लागला. म्हणून सही करण्यापूर्वीं विमा उतरविणारानें खरें सांगावें, आणि विमेवाल्यानें विचारावयाचें तें तेव्हांच विचारावें.