५ डिसेंबर : दहा नंबरची जर्सी

२००४ : बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपची अंतिम लढत. मोहन बागानविरुद्ध गोव्याचा धेंपो क्लब २-० असा जिंकला; दोन्ही गोल एकट्या क्रिस्टियानो ज्युनियरचे. दुसऱ्या गोलसाठी चेंडू जाळ्यात ढकलताना तो गोलरक्षकावर आदळला, खाली पडला आणि पुन्हा उठलाच नाही. या ब्राझिलियन स्ट्रायकरचे वय होते अवघे २५. मैदानावर पुरेशी वैद्यकीय सोय का नव्हती, हा प्रश्न तेव्हा देशभर विचारला गेला, आणि तो रास्तच होता.

गोव्यात तो आला त्याच मोसमात. म्हणजे जेमतेम काही महिन्यांचा पाहुणा! पण फुटबॉलवेड्या गोंयकारांनी त्याला कधीच आपला मानले होते. कोलकात्यातही तेच. आदल्या मोसमात ईस्ट बंगालकडून १५ गोल ठोकून तो राष्ट्रीय लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला होता आणि विजेतेपदही त्याच संघाने पटकावले. गोलपुढे तो फार वेळ घालवत नसे. संधी दिसली की फटका. धेंपोने त्याची दहा नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली. त्याच मोसमात क्लबने राष्ट्रीय लीग पहिल्यांदा जिंकली.