पैठणचा फलंदाज आणि लिलावातला भाव

2008 मध्ये इंडियन प्रीमियर लीगबरोबर खेळाडूचा भाव जाहीर बोलीने ठरवण्याची रीत भारतीय क्रिकेटमध्ये रुजली आणि पुढच्याच हंगामाआधी मुंबईने रॉबिन उथप्पा देऊन बंगळुरूकडून श्रीरामपूरचा झहीर खान घेतल्याने संघांमधली थेट अदलाबदलही सुरू झाली. दोघेही आंतरराष्ट्रीय सामने खेळलेले असल्याने तो हिशेब सोपा होता. अवघड होता तो ‘अनकॅप्ड’, म्हणजे देशाकडून एकही सामना न खेळलेल्या खेळाडूचा. पैठणला जन्मलेल्या अंकित बावणेने ऑक्टोबर 2016 मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्धच्या रणजी सामन्यात नाबाद 258 धावा केल्या आणि स्वप्निल गुगळेसह तिसऱ्या गड्यासाठी 594 धावांची अभेद्य भागीदारी रचून विजय हजारे व गुल महंमद यांचा 1947 पासूनचा 577 धावांचा भारतीय विक्रम मोडला. तरीही फेब्रुवारी 2017 च्या लिलावात दिल्ली डेअरडेव्हिल्सने त्याला 10 लाखांना, म्हणजे जिथून बोली सुरू होते त्या आधारभूत किमतीलाच घेतले आणि संपूर्ण हंगाम राखीव ठेवले. त्याच लिलावात अचूक यॉर्करमुळे नजरेत भरलेला टी. नटराजन 3 कोटींना गेला. बोली लावणारे साचलेल्या धावांपेक्षा वीस षटकांच्या खेळातल्या संभाव्य उपयोगाला मोल देत होते, आणि राखीव खेळाडूबाबतचा असा अंदाज चुकला तरी तो मैदानावर उघडा पडत नाही, ही त्यांची सोय म्हणावी लागेल. वानखेडेवरच्या त्याच सामन्यात दिल्लीकडून 308 धावा काढणाऱ्या ऋषभ पंतसाठी मात्र दिल्ली डेअरडेव्हिल्सनेच 2016 च्या लिलावातच, तो रणजीत नवखा असताना, 1 कोटी 90 लाख रुपये मोजले होते.