पहिल्या जुलैचे खेळाडू

बालाघाट जिल्ह्यातील लांजी आणि गोंदिया जिल्ह्यातील आमगाव या दोन गावांमध्ये एक बाघ नदी आहे आणि दोन राज्यांची सीमा आहे. सोयरीक दोहोंकडची एकच, बोलीही पुष्कळशी एकच. परंतु दोन्हीकडच्या शाळांची जुनी दाखल-खारीज पुस्तके उघडून पाहिली, तर एक चमत्कारिक भेद दिसतो. नदीच्या महाराष्ट्राकडील बाजूस असंख्य मुले पहिल्या जूनला जन्मलेली आहेत आणि मध्य प्रदेशाकडील बाजूस पहिल्या जुलैला. याचे कारण ग्रहताऱ्यांत शोधावयास नको. मुलगा शाळेत घातला म्हणजे गुरुजी त्याचे वय विचारीत. आई सांगे, मोठ्या पुराच्या साली झाला, किंवा धाकट्या दिराच्या लग्नाच्या आदल्या पावसाळ्यात झाला. गुरुजी मुलाकडे एकवार पाहत आणि शाळाप्रवेशाला लागणारी वर्षे हिशेबात धरून सत्राच्या आरंभाची तारीख लिहून टाकीत. महाराष्ट्रात ती एक जून ठरली, पलीकडे एक जुलै.

आज मला बोलावयाचे आहे ते मुलांच्या फुटबॉलविषयी, आणि त्या खेळातील वयोगटांच्या नियमाविषयी. हा सगळा नियम गुरुजींनी लिहिलेल्या या एका ओळीवर उभा आहे. म्हणून तिच्यापासून आरंभ केला.

बालाघाट हा जिल्हा 1867 साली निर्माण झाला. 1956 पर्यंत त्याचा कारभार नागपूरकडे पाही, त्यानंतर भोपाळकडे. जन्ममृत्यूची नोंद ठेवणे हे मध्य प्रांतात कोटवाराचे काम होते. गावात कोण जन्मले, कोण गेले, हे तो पोलीस ठाण्यात जाऊन सांगे. 1886 साली जन्मनोंदणीचा कायदा झाला खरा, पण त्याची सक्ती नव्हती. सक्तीचा कायदा 1969 साली आला. कोटवाराने वर्दी दिली तरी ती ठाण्याच्या दप्तरात राही. शाळेत मुलाबरोबर येत असे ती फक्त आईची आठवण.

वय ठरविण्याची निकड या जिल्ह्यात प्रथम खेळाने निर्माण केली नाही, खाणीने केली. विसाव्या शतकाच्या आरंभापासून भरवेलीच्या परिसरात मँगनीज निघू लागले. 1923 च्या खाण कायद्याने तेरा वर्षांखालील मुलांना खाणीत कामास लावण्याची बंदी केली, आणि 1935 साली ती मर्यादा पंधरावर नेली. विलायतेत हीच अडचण गिरण्यांमध्ये आली होती. तेथील 1833 च्या कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांना बहुतेक कापडगिरण्यांतून बाहेर काढले, पण मूल नऊ वर्षांचे झाले की नाही हे सांगावयाचे कोणी? तेव्हा तेथेही सर्वत्र जन्मनोंदणी नव्हती. 1837 साली एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्याने हजारावर मुलांचे दात तपासून पार्लमेंटपुढे मांडले की, दातांवरून वय ओळखता येते. शरीराला साक्षीदार म्हणून उभे करण्याचा हा प्रकार इतका जुना आहे. मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. गिरणीच्या दारात मूल आपले वय वाढवून सांगत होते. मैदानाच्या दारात ते कमी करून सांगते. दोन्ही ठिकाणी सांगणारे मूल असले, तरी सांगावयास लावणारे कोणी मोठेच असते.

खेळात वयोगट आले ते दुबळ्या मुलाच्या रक्षणासाठी. बारा वर्षांच्या मुलाला सोळा वर्षांच्या मुलाने धडक दिली तर काय होते, हे सांगावयास पाहिजे असे नाही. आपल्याकडे शालेय क्रीडा महासंघ 1954 साली स्थापन झाला. हवाई दलप्रमुख सुब्रोतो मुखर्जी यांच्या नावाची शालेय फुटबॉल स्पर्धा 1960 साली सुरू झाली, आणि खेड्यापाड्यांतील मुलांना दिल्लीचे मैदान पाहावयास मिळाले. आशियातील तरुणांची स्पर्धा 1959 साली क्वालालंपूर येथे प्रथम भरली. 1974 साली बँकॉकमध्ये भारताने इराणसह तिचे संयुक्त विजेतेपद मिळविले. जागतिक पातळीवर वीस वर्षांखालील स्पर्धा 1977 साली ट्युनिशियात झाली, आणि सोळा वर्षांखालील स्पर्धा 1985 साली चीनमध्ये. पुढे 1991 पासून ती सतरा वर्षांखालील म्हणून भरू लागली.

स्पर्धेला मान मिळाला, तशी लबाडीलाही किंमत आली. 1988 साली मेक्सिकोने तरुणांच्या पात्रता स्पर्धेत वय लपवून खेळाडू खेळविले, हे उघड झाले. शिक्षा म्हणून त्या देशाच्या सर्व संघांवर दोन वर्षांची बंदी आली आणि 1990 च्या विश्वचषकास तो देश मुकला. नायजेरियाचीही तीच गत झाली. त्याच्या काही खेळाडूंच्या जन्मतारखा एका स्पर्धेत एक आणि दुसरीत दुसरी अशा निघाल्या. चीड येते ती खरी, पण थोडे थांबून पाहिले तर त्या दुसऱ्या तारखेमागे कोठला तरी एखादा गुरुजी उभा असेल, असेही वाटल्यावाचून राहत नाही. अज्ञानाची तारीख आणि लबाडीची तारीख कागदावर सारखीच दिसते.

मग कागद सोडून हाडांकडे वळणे क्रमप्राप्त होते. मनगटाजवळ हाताच्या हाडाचे वाढते टोक कूर्चेने जोडलेले असते. वाढ पुरी झाली म्हणजे ते सांधून जाते. चुंबकीय प्रतिमेने ते पाहता येते आणि क्ष-किरणांचा उपद्रवही होत नाही. सतरा वर्षे पुरी होण्याआधी ते टोक संपूर्ण सांधले आहे असा मुलगा शंभरात एखादाच. 2009 साली नायजेरियात झालेल्या स्पर्धेपासून जागतिक फुटबॉल संघटनेने ही तपासणी लागू केली, आणि यजमान संघालाच आपले पुष्कळ खेळाडू आयत्या वेळी बदलावे लागले. आपल्या केंद्र सरकारनेही 2010 साली खेळांतील वयचोरीविरुद्ध संहिता काढली. तरीपण त्या शंभरातल्या एकाचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे वय खरे असते, त्याच्या आईची आठवणही खरी असते, आणि त्याचे मनगट मात्र घाई करून मोकळे झालेले असते.

येथवरचा इतिहास हा लबाडीचा आणि तिच्या बंदोबस्ताचा झाला. परंतु समजा, प्रत्येक मुलाची तारीख अगदी अचूक आहे. मग न्याय होतो काय? होत नाही, असे दिसून आले आहे. वर्षाची सीमा पहिल्या जानेवारीला घातली, की जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात. बाराव्या वर्षी अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे बोटभर उंची आणि पायातला जोर. निवड करणारा म्हणतो, हा मुलगा हुशार आहे. वास्तविक तो फक्त थोरला असतो. बेल्जियममध्ये 1997 साली ही सीमा पहिल्या ऑगस्टवरून पहिल्या जानेवारीवर आणली गेली. वर्नर हेल्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले, तर पूर्वी निवडलेल्या मुलांत ऑगस्ट आणि त्यापुढच्या महिन्यांतली मुले अधिक असत. सीमा हलताच जानेवारी आणि त्यापुढच्या महिन्यांतली अधिक झाली. म्हणजे बुद्धी महिने बदलून जन्मास येऊ लागली म्हणावयाचे! अमेरिकेने 2015 साली जन्मवर्षाचा नियम स्वीकारण्याचे ठरविले. त्याने एकाच वर्गातली मुले दोन संघांत फुटली, आणि आता 2026-27 च्या हंगामापासून तेथील मुख्य संघटना पुन्हा पहिल्या ऑगस्टची सीमा घेत आहेत. सीमा कोठेही घाला, तिच्या अलीकडचा मुलगा थोरला आणि पलीकडचा धाकटा राहणारच.

आमच्या पहिल्या जुलैच्या मुलाची गंमत अशी की, कागदावर तो ऐन वर्षाच्या मध्यावर बसतो; ना थोरला, ना धाकटा. प्रत्यक्षात तो कोणीही असू शकतो. त्यामुळे अशा मुलांच्या बाबतीत हेल्सेनसारखा अभ्यास करावयास गेले, तर हाती काहीच लागणार नाही.

याहून साधी वाट आपल्या लोकांना पूर्वीपासून ठाऊक होती. विदर्भात आणि सगळ्या महाराष्ट्रात कबड्डीचे सामने वजनगटांवर होत आले आहेत. संघ मैदानात उतरण्यापूर्वी काट्यावर चढतो. तेथे जन्माचा दाखला कोणी मागत नाही आणि काट्याला गुरुजींची ओळख नसते. कुस्तीतही तेच. अंगाची बरोबरी करावयाची असेल तर अंग मोजावे, हा त्यामागचा विचार. फुटबॉलने तारखेची कास धरली, आणि अलीकडे युरोपातील काही क्लब वाढीच्या टप्प्यावरून मुलांचे गट पाडून पाहू लागले आहेत. बेल्जियमने तर उशिरा वाढणाऱ्या मुलांचे निराळे राष्ट्रीय संघच काढले, जेणेकरून सतराव्या वर्षी ठेंगणा असलेला मुलगा विसाव्या वर्षापर्यंत खेळात टिकून राहावा. माझ्या मते वयोगट मोडावयाचे कारण नाही. शाळेचा वर्ग आणि खेळाचा गट एक असण्यात सोय आहे. पण चौदाव्या वर्षी केलेली निवड ही अखेरची निवड समजावयाची, हा प्रघात मात्र घातक आहे. जेमी वार्डी याला शेफील्ड वेन्सडे क्लबाने सोळाव्या वर्षी अंगाने लहान म्हणून काढून टाकले होते. पुढे कारखान्यात काम करीत तो खालच्या पायरीवरचे सामने खेळत राहिला आणि 2016 साली लेस्टर संघाबरोबर इंग्लंडचा विजेता झाला. त्याच्या गावाजवळ खालच्या पायरीचे का होईना, पण सामने होते.

2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या स्पर्धेसाठी 1 जानेवारी 2000 रोजी अथवा त्यानंतर जन्म झालेला असणे आवश्यक होते. दिल्लीत 9 ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने गोल केला. विश्वचषकातील भारताचा तो पहिला गोल. जानेवारीच्या त्या रेषेच्या एक दिवस अलीकडे जन्मलेली मुलेही देशात असतील. त्यांतील कोणाला पुढे मैदान मिळाले आणि कोणाला मिळाले नाही, याची नोंद कोणत्याच पुस्तकात नाही.

जन्मनोंदणीच्या कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मणाऱ्या मुलांना शाळेत घालताना जन्माचा दाखलाच तारखेचा पुरावा मानला जावयाचा आहे. ही मुले 2030 च्या सुमारास पहिलीत जातील, आणि त्यानंतर सहा-सात वर्षांनी चौदा वर्षांखालील संघाच्या निवडीसाठी बालाघाटच्या मैदानावर रांगेत उभी राहतील. त्यांची तारीख खरी असेल. रांगेत पहिली बोलावणी उंच मुलाला येते की काय, एवढेच तेव्हा पाहावयाचे राहील.