प्रसूता, पाळणाघर आणि व्यवसायोपचार

सोलापूरनजीकच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील प्रसूत कामकरी स्त्रीचा विचार करताना दोन स्वतंत्र परंपरा ध्यानी घ्याव्या लागतात. पहिली कायद्याची. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात मांडलेले प्रसूतिसाहाय्याचे विधेयक संमत झाले नाही. तथापि सोलापूर ज्यात मोडत असे त्या मुंबई इलाख्याने १९२९ साली तसा कायदा केला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पन्नासांहून अधिक कामकरी स्त्रिया असलेल्या कारखान्यांस पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ साली ही मर्यादा तिसांवर आली.

दुसरी परंपरा व्यवसायोपचाराची. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विद्येचे भारतातील पहिले विद्यालय सुरू केले.

कायदा प्रसूतेच्या रजेचे दिवस मोजतो. व्यवसायोपचार मात्र बाळास उचलणे, पाजणे, निजविणे हीही कामेच मानतो, आणि दुखऱ्या मनगटाने वा कंबरेने ती कशी करावीत हे शिकवितो. बाळाची वाढ मंद असल्यास खेळातून हालचालींस वळण लावतो. पाळणाघरात बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेली स्त्री असावी, इतके अधिनियमाने सांगितले. मातेच्या देहाचा विचार तेथे नव्हता. या दोन परंपरांची भेट व्हावयाची तर पाळणाघराची खोली हेच तिचे स्वाभाविक स्थान होय.