पोर्ट लुई
पोर्ट लुई ही हिंदी महासागरातील मॉरिशस ह्या द्वीपराष्ट्राची राजधानी व प्रमुख बंदर आहे. हे शहर बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर डोंगररांगेच्या पायथ्याशी वसले आहे.

इतिहास
फ्रेंच गव्हर्नर माहे द ला बूर्दोने ह्याने १७३५ पासून येथे बंदर व शहर उभारले. हे काम प्रामुख्याने गुलामांच्या श्रमांवर झाले. पुदुच्चेरीहूनही कारागीर आणले गेले. १८१० मध्ये बेट ब्रिटिशांच्या ताब्यात आले. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर मोठ्या संख्येने येऊ लागले. १८३४ ते १९२० ह्या काळात आलेल्या सुमारे साडेचार लाख मजुरांत कोकणातील मराठी भाषकही होते. १८४९ पासून त्यांची नोंद येथील आप्रवासी घाटावर होई. २००६ मध्ये हा घाट जागतिक वारसा स्थळ ठरला.

ऱ्हास व विकास
१८६६–६८ मधील हिवतापाच्या साथीमुळे अनेक सधन कुटुंबे क्यूरपीपसारख्या उंचावरील गावांत स्थलांतरित झाली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्याने बंदराचे महत्त्वही घटले. १९६८ मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाची हीच राजधानी राहिली. पुढे बंदरालगत व्यापारी संकुले उभी राहिली. मात्र डोंगर व समुद्र ह्यांच्यामधील दाट वस्तीला पुराचा धोका आहे. मार्च २०१३ मधील पुरात ११ जण मृत्युमुखी पडले.