मिनी ट्रॅक्टर न्यायचा कशात? छोटा हत्ती, पिकअप की ट्रॉली. भाडं ठरवण्याआधी हे बघा

निफाड, दिंडोरी भागात द्राक्षाच्या दोन ओळींत मोठा ट्रॅक्टर फिरत नाही, म्हणून मिनी ट्रॅक्टर आता बहुतेक बागांत दिसतो. तिकडे सटाणा, देवळ्याच्या डाळिंबवाल्यांचंही तेच. पण हा ट्रॅक्टर एका गावातून दुसऱ्या गावात न्यायची वेळ आली की गडबड सुरू होते. कुणी जुना ट्रॅक्टर चाळीस किलोमीटरवरून विकत घेतलेला असतो, कुणाची जमीन दोन तालुक्यांत असते, कुणी छाटणीच्या दिवसात ब्लोअर घेऊन गावोगाव भाड्यानं फवारणी करतो. समाजकल्याणच्या योजनेतून बचत गटांना जे मिनी ट्रॅक्टर मिळाले, त्यांचंही तसंच. ट्रॅक्टर एक, सभासद दहा, आणि शेतं सगळीकडे विखुरलेली.

अशा वेळी समोर जी गाडी मिळेल ती बोलावली जाते. दोन फळ्या लावल्या, चार पोरं मागून लोटायला, आणि झालं. बहुतेक वेळा निभावतंही. ज्या वेळी निभावत नाही, त्या वेळी ट्रॅक्टर फळीवरून मागे उलटतो आणि खाली चालवणारा असतो.

आधी अंतर बघा

मिनी ट्रॅक्टर रस्त्यानं तासाला वीस-पंचवीस किलोमीटर चालतो. गाडीत चढवणं, बांधणं, उतरवणं यातच तास-दीड तास जातो. त्यामुळे पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत आणि रस्ता आतला असेल तर ट्रॅक्टर चालवत नेलेला परवडतो. त्यापुढे मात्र डांबरावर टायरचे गट्टू घासतात, इंजिनाचे तास उगाच वाढतात आणि हायवेला मागून येणाऱ्या कंटेनरचा धोका वेगळाच. अंधार पडल्यावर तर मिनी ट्रॅक्टर हायवेवर नेऊच नये. त्याचा मागचा दिवा चालू आहे का हे कितीजण बघतात? समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर ट्रॅक्टरला मुळात बंदीच आहे.

वजन अंदाजानं सांगू नका

गाडी निवडताना पहिला प्रश्न वजनाचा. १५ ते २५ एचपीचे मिनी ट्रॅक्टर साधारण ६०० ते ९०० किलोच्या दरम्यान असतात. उदाहरणार्थ १५ एचपीचा स्वराज ७१७ सुमारे साडेआठशे किलोचा आहे. पण कंपनीच्या पत्रकावरचं वजन म्हणजे नुसत्या ट्रॅक्टरचं. त्यात मागचा रोटाव्हेटर धरलेला नसतो, पुढच्या लोखंडी वजनाच्या प्लेटा नसतात, आणि पकड यावी म्हणून मागच्या टायरात भरलेलं पाणीही नसतं. चाकातलं एक लिटर पाणी म्हणजे सरळ एक किलो. फवारणीच्या टाकीत दोनशे लिटर पाणी राहिलं असेल तर दोनशे किलो. टाकी रिकामी करायला पाच मिनिटं लागतात, पण ती कुणी करत नाही.

सगळ्यात सोपं म्हणजे एकदा बाजार समितीच्या किंवा साखर कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टर अवजारासकट आणि अवजाराशिवाय तोलून पावती जपून ठेवायची. पुढं प्रत्येक वेळी गाडीवाल्याशी बोलताना ती उपयोगी पडते.

आता गाडीची बाजू. आरसी बुकात रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन, असे दोन आकडे असतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला की गाडी किती उचलू शकते ते कळतं. केबिनमध्ये बसणारी माणसंही त्यातच धरायची. "अहो, मी यात दोन टन कांदा नेतो," असं गाडीवाला सांगेल. नेत असेलही. पण कांदा हौद्यात सगळीकडे सारखा पसरतो. ट्रॅक्टरचं वजन चार चाकांवर येतं आणि त्यातलंही जास्त मागच्या दोनवर. हौद्याचा पत्रा तिथंच दबतो.

वजन जास्त निघालं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढं जाऊ देत नाहीत. माल म्हणजे इथं एकच ट्रॅक्टर, तो अर्धा कसा उतरवणार? हौद्याच्या बाहेर माल लोंबत असेल तर त्याचाही दंड २०,००० रुपयेच आहे, २०१९ च्या दुरुस्तीनं तो वेगळा घातला आहे. म्हणून फाळका उघडा टाकून ट्रॅक्टरचं ढुंगण बाहेर काढून नेणं हे दिसायला साधं असलं तरी महागात पडू शकतं.

कोणती गाडी

छोटा हत्ती हा सगळ्यांच्या तोंडात बसलेला. स्वस्तात मिळतो, गल्लीतही शिरतो. पण त्याचा हौदा साधारण सव्वासात फूट लांब आणि पावणेपाच-पाच फूट रुंद, आणि उचलण्याची ताकद मॉडेलनुसार सातशे-साडेसातशे किलोच्या आसपास. मिनी ट्रॅक्टर आठ-नऊ फूट लांब असतो. म्हणजे लांबीलाही बसत नाही आणि वजनालाही काठावर. छोटा हत्ती पॉवर टिलर, वीडर, सुटा रोटाव्हेटर यासाठी चांगला. त्यात ट्रॅक्टर चढवू नये.

पिकअप हे या कामाचं खरं वाहन. बोलेरो पिकअपची मॉडेलं १.३ टनापासून १.७ टनापर्यंत वजन घेतात, हौदा नऊ ते दहा फूट मिळतो. अशोक लेलँड दोस्त, टाटा इंट्राची मोठी मॉडेलं याच गटातली. नुसता मिनी ट्रॅक्टर फाळका लावून आत बसतो. रोटाव्हेटर मात्र काढावा लागतो. तो काढून ट्रॅक्टरच्या पुढं केबिनच्या बाजूला आडवा ठेवला तर लांबीचा प्रश्न मिटतो. गाडी ठरवताना फोनवर "पिकअप आहे" एवढ्यावर थांबू नये. हौदा किती फुटी, पासिंग किती टनाचं, हे दोन प्रश्न विचारायचेच. एकाच नावाच्या गाड्यांत दोन-दोन फुटांचा फरक असतो.

आयशर किंवा ४०७ एका मिनी ट्रॅक्टरसाठी मोठी पडते. शिवाय तिचा हौदा जमिनीपासून उंच, त्यामुळे चढवायला लांब फळ्या किंवा धक्का लागतो. दोन शेतकऱ्यांनी मिळून दोन ट्रॅक्टर न्यायचे असतील, किंवा कांदा घेऊन गेलेली गाडी रिकामी परत येत असेल, तर ती परवडते. पिंपळगाव, लासलगावच्या बाजार समितीबाहेर परतीच्या गाड्या उभ्या असतात, तिथं विचारून बघायला हरकत नाही. मालाला लावायचा बाजार समितीचा किंवा गोडावूनचा धक्का जवळ असेल तर मोठ्या गाडीची अडचणच संपते.

परवान्याबाबत गावात एक गैरसमज आहे. कारच्या, म्हणजे एलएमव्ही लायसन्सवर मालवाहू पिकअप चालवली तर विमा मिळत नाही असं सांगतात. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये हा विषय स्पष्ट केला. ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीसाठी एलएमव्ही लायसन्स चालतं, वेगळी नोंद लागत नाही.

मोठ्या ट्रॅक्टरची ट्रॉली

घरात किंवा भावकीत ४०-५० एचपीचा ट्रॅक्टर आणि दोन चाकी ट्रॉली असेल तर भाडंच लागत नाही. जवळच्या अंतराला हा मार्ग बरा. पण दोन चाकी ट्रॉलीची एक खोड आहे. मिनी ट्रॅक्टर मागून चढायला लागला की त्याचं वजन आधी ट्रॉलीच्या शेपटीवर येतं, शेपटी खाली जाते आणि पुढचा दांडा मोठ्या ट्रॅक्टरला मागून वर उचलतो. त्याची मागची चाकं हलकी झाली की ब्रेक लावूनही तो सरकतो. म्हणून चढवण्याआधी ट्रॉलीच्या शेपटीखाली मजबूत लाकडी ठोकळे रचायचे, मोठ्या ट्रॅक्टरच्या आणि ट्रॉलीच्या चाकांना दगड लावायचे. पिकअपलाही हेच लागू. तिचे पाटे दबून पुढची चाकं हलकी होतात.

आत गेल्यावर मिनी ट्रॅक्टर ट्रॉलीच्या चाकांच्या थोडा पुढं यायला हवा, म्हणजे दांड्यावर थोडा भार राहतो. मागं राहिला तर ट्रॉली रस्त्यावर डोलते, वेग वाढला की जास्तच. अगदी पुढं सरकवला तर सगळा भार दांड्यावर, मोठ्या ट्रॅक्टरचं पुढचं टोक हलकं आणि स्टिअरिंग ऐकत नाही.

बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. सपाटीला ते जाणवत नाही. चांदवडच्या पुढं राहुड घाटासारख्या उतारावर मात्र ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते. तिथं उताराच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही. घाट असेल तर पिकअप करावी हे बरं.

ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी आणि नंबर असतो. ट्रॅक्टरचा विमा काढला म्हणजे ट्रॉली आपोआप त्यात येत नाही, पॉलिसीवर तिचा उल्लेख आणि हप्ता लागतो. पॉलिसी काढून एकदा वाचावी.

मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ बघून काहीजण जीपमागे ओढायचा छोटा ट्रेलर वेल्डिंगच्या दुकानात बनवून घेतात. जीपमागे हूक जोडला की झालं असं वाटतं. आपल्याकडं ट्रेलरलाही मान्यता आणि आरटीओची नोंदणी लागते. बिननोंदणीचा ट्रेलर मागं असताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. त्या पैशात किती वेळा पिकअप भाड्यानं येईल याचा हिशोब आधी करावा.

फळ्या आणि चढ

अपघात रस्त्यापेक्षा इथं जास्त होतात. पिकअपचा हौदा साधारण अडीच फूट उंच. सहा फुटी फळी लावली तर चढ जवळपास २५ अंशांचा होतो. मिनी ट्रॅक्टर पुढं तोंड करून असा चढ चढू लागला, त्यातून मागं रोटाव्हेटर लटकलेला, की पुढची चाकं उचलली जातात. क्लच सोडायचा झटकाही पुरतो. दहा फुटी फळी लावली तर तोच चढ १४-१५ अंशांवर येतो.

लांब फळ्या नसतील तर बांध शोधायचा. गाडीचं मागचं टोक दीड-एक फूट उंच, पक्क्या बांधाला लावलं तर चढायची उंची तेवढी कमी होते आणि सहा फुटी फळीही चालते. नांगरट केलेल्या किंवा पाणी दिलेल्या रानातला बांध नको, चाक रुततं.

फळी लाकडी असेल तर गाठ कुठं आहे ते बघावं, मोडते ती गाठीपाशी. गावातले फॅब्रिकेटर लोखंडी चॅनेलचे रॅम्प करून देतात. त्यावर आडव्या सळया मारून घ्याव्यात, नाहीतर चिखलाचं टायर लोखंडावरून घसरतं. वरच्या टोकाला हौद्यात अडकणारा हूक हवा आणि रॅम्प साखळीनं गाडीला बांधलेला हवा. चाक चढताना रॅम्प मागं सरकतो, तो याच्याशिवाय अडत नाही. मिनी ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर सारखं नसतं, म्हणून रॅम्प दोन्ही चाकं पेलेल एवढा रुंद लागतो. फाळका उघडून त्यावरच चाक टेकवायचं नाही. त्याच्या साखळ्या एवढ्या वजनासाठी नसतात.

ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चढवावा, म्हणजे जड मागचं टोक वरच्या बाजूला राहतं आणि उलटण्याचा धोका कमी होतो. उतरवताना तोंड खाली करून पहिल्या गिअरमध्ये. डावा-उजवा ब्रेकची कडी आधी जोडून घ्यायची, एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर फळीवरून आडवा जातो. मध्येच गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही. फोर व्हील असेल तर ते जोडायचं. मागं कुणी उभं राहायचं नाही, लोटायलाही नाही. आठशे किलो चार माणसांनी अडत नाही.

बांधणं

आत गेल्यावर गिअरमध्ये ठेवून पार्किंग ब्रेक लावायचा, डिझेलचा कॉक बंद. चारही कोपऱ्यांना वेगवेगळं बांधायचं. पुढं पुढच्या हूकला किंवा ॲक्सलला, मागं ॲक्सलच्या खोळीला. स्टिअरिंगच्या दांड्याला, मडगार्डला, सायलेन्सरला कधीही नाही. नायलॉनचा दोर ताण आला की लांबतो, ओला झाला की सैल पडतो. खटका असलेले पट्टे दुकानात मिळतात, चार पट्टे एकदा घेतले की वर्षानुवर्षं जातात. साखळीही चालते. पाच-सात किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा ताणून घ्यायचे, पहिल्या खड्ड्यांनंतर सगळं बसतं आणि बांधणं ढिलं होतं.

ट्रॅक्टरच्या सीटवर पोराला बसवून "ब्रेक धरून ठेव" म्हणायची पद्धत सर्रास आहे. ट्रॅक्टर सुटला तर ते पोर त्याच्या आणि फाळक्याच्या मध्ये सापडतं, आणि गावातल्या लोंबत्या तारा बरोबर त्याच्या डोक्याच्या उंचीला येतात. मालाच्या मालकानं किंवा त्याच्या माणसानं केबिनमध्ये बसावं.

जुना ट्रॅक्टर विकत आणत असाल तर आरसी, विक्री करारनामा, फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी सोबत ठेवावी. रस्त्यात अडवल्यावर विकणाऱ्याचा फोन हमखास लागत नाही. आणि गाडीचं भाडं ठरवताना उतरवायला थांबायचं धरूनच ठरवावं, म्हणजे ड्रायव्हर संध्याकाळी घाई करून फळ्या अर्धवट लावत नाही.