मोहल्ला, कोतवाल आणि आपण



थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर खांदेरी आणि उंदेरी दिसतात. इ. स. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी बांधायला घेतली, इंग्रजांनी आरमार आणून अडथळा केला, पुढच्याच वर्षी सिद्दीने उंदेरी बळकावली. हा इतिहास आपण मुलांना हौसेने सांगतो, आणि तो सांगितलाच पाहिजे. पण इतिहासाचा आणखी एक भाग आहे. तो आपल्या दाराशी, बाजारपेठेत आणि मोहल्ल्यात घडतो, आणि शाळेच्या पुस्तकात क्वचितच येतो. रात्री पेठेत गस्त कोण घालीत असे? चोरी झाली तर जबाबदार कोण? आणि पहारेकऱ्याने स्वतःच अन्याय केला तर दाद कोणाकडे मागायची? या शेवटच्या प्रश्नाचा थोडा मागोवा आज आपण घेऊ या.

जुन्या मराठी मुलखात गावच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलावर आणि गावच्या जागल्यांवर असे. चोराचा माग ज्या गावाच्या शिवेपर्यंत जाई, त्या गावाने तो पुढे काढून द्यायचा. तसे न झाल्यास नुकसान भरून द्यायचे, असा रिवाज होता. त्यात निरपराधांवरही भुर्दंड बसे. तथापि त्यामागील तत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. गावची सुरक्षा हे गावातल्या प्रत्येकाचे काम मानले जाई.

शहरांत हे काम कोतवालाकडे असे. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त कोतवालाची कर्तव्ये दिली आहेत. शहराचे मोहल्ले पाडावेत, घरांची नोंद ठेवावी, रहिवाशांकडून सुखदुःखात एकमेकांना साहाय्य करण्याचे वचन घ्यावे आणि प्रत्येक मोहल्ल्यासाठी एक ‘मीर-महल्ला’ नेमावा, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे मोहल्ल्याला हाताशी धरल्याशिवाय शहर राखता येत नाही, ही जाण चारशे वर्षांपूर्वीही होती. मात्र हा मीर-महल्ला कोतवालाला उत्तर देई. कोतवालाने मोहल्ल्याला उत्तर देण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती.

ही उणीव किती महाग पडते, ते पुणेकरांनी पाहिले. १७७७ पासून घाशीराम पुण्याचा कोतवाल होता. नाना फडणविसांचा त्याच्यावर विश्वास होता आणि त्याच्या जुलमाविरुद्ध दाद घेणारे कोणी नव्हते. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याच्या हुकुमाने एका लहानशा जागेत कोंडलेल्या ब्राह्मणांपैकी वीसच्या वर माणसे गुदमरून मेली. शहर खवळले आणि लोकांनी घाशीरामला दगडांनी ठेचून मारले. वाचकहो, ही घटना दोन्ही अंगांनी वाचा. कोतवालावर कोणाची देखरेख नव्हती, म्हणून निरपराधांचे जीव गेले. दाद मागण्याचा कायदेशीर मार्ग नव्हता, म्हणून न्यायाची जागा जमावाने घेतली. जमावाचा न्याय हा न्याय नव्हे.

पुढे इंग्रजी अंमल आला. कुलाब्याचे आंग्र्यांचे संस्थान १८४० मध्ये खालसा झाले आणि आपला हा किनारा कंपनीच्या मुलखात गेला. १८५७ च्या उठावानंतर १८६१ चा पोलीस कायदा झाला, मुंबई इलाख्यातही जिल्हा पोलिसांसाठी वेगळे कायदे झाले. या सर्व रचनेचा कल एकच होता. शिपाई फौजदाराला जबाबदार, फौजदार सुपरिंटेंडेंटला, सुपरिंटेंडेंट सरकारला. सरकार परके असल्याने ही शिडी लोकांपर्यंत कधीच उतरली नाही. १९०२-०३ च्या पोलीस कमिशनने, म्हणजे खुद्द सरकारने नेमलेल्या मंडळाने, पोलीस खात्यातील लाचलुचपतीवर आणि जुलमावर कडक टीका केली. गावात पोलीस पाटील टिकला. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्याने त्याचे पद नव्याने निश्चित झाले. पण शहरात आणि बाजारपेठेत पोलीस आणि रहिवासी यांच्यामध्ये दुवा असा उरलाच नाही.

स्वातंत्र्यानंतर या रिकाम्या जागी ‘शांतता समिती’ आली. सण आला किंवा मिरवणूक निघायची असली की गावातील प्रतिष्ठित मंडळींना पोलीस ठाण्यात बोलवायचे, चहा द्यायचा, सलोख्याचे आवाहन करायचे. हेतू चांगला होता. पण जी मंडळी वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत, ती एका संध्याकाळी काय बोलणार? मे १९७० मध्ये भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली. तिची झळ जळगावला आणि आपल्याच त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील महाडलाही पोचली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने या तिन्ही ठिकाणांची चौकशी केली आणि भिवंडीतील गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या विशेष पथकाच्या पक्षपातावर स्पष्ट शब्दांत ठपका ठेवला. त्यानंतरही मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. ठाणे आणि मुंबई मिळून दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. यंत्रमागांचे दाट वस्तीचे गाव, दोन दंगलींच्या जखमा ताज्या, आणि दोन्ही समाजांचा पोलिसांवर अविश्वास. त्यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. अशा समित्या शहरभर मिळून सुमारे ७० झाल्या. या समित्यांत आणि जुन्या शांतता समितीत फरक काय, तो नीट समजून घ्या, कारण या लेखाचे सार त्यातच आहे.

पहिला फरक माणसांचा. पुढारी आणि धनिक यांच्याऐवजी त्या-त्या वस्तीत राहणारे दोन्ही समाजांचे साधे लोक समितीत घेतले गेले. गुन्हेगारी करणाऱ्यांना त्यात जागा नव्हती. दुसरा फरक वेळेचा. बैठका शांततेच्या दिवसांत आणि नियमाने होत. तिसरा फरक विषयाचा. बैठकीत भाषणे नसत. नळावरचे भांडण, तुंबलेले गटार, शेजाऱ्यांची कुरबूर असल्या बारीकसारीक गोष्टी तेथे मिटविल्या जात. असे भांडण ठिणगी असताना विझले तर त्याला धर्माचा रंग चढत नाही. चौथा फरक पोलिसांचा. समितीशी संबंध ठेवण्याचे काम ठाण्यातल्या खालच्या पायरीवरच्या पोलिसांकडेही आले. जो हवालदार पूर्वी केवळ दंडुका घेऊन दिसे, तो आता नावाने ओळखीचा झाला. त्याने चूक केली तर बैठकीत विचारण्याची सोय झाली, आणि अफवा उठली तर खरे काय ते त्यालाच विचारता येऊ लागले.

डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली. त्या महिन्यात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत सुमारे ९०० माणसे मेली. त्या वेळी सर्वांचे डोळे भिवंडीकडे लागले होते. खोपडे यांच्यानंतर गुलाबराव पोळ यांनी समित्यांचे काम चालू ठेवले होते, आणि भिवंडीत दंगल झाली नाही. मुंबईने नंतर हा धडा गिरविला. पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि अनेक नागरिक यांच्या प्रयत्नांतून तेथेही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. पोलीस आणि वस्तीतील तरुण यांचे क्रिकेटचे सामनेही त्यातूनच सुरू झाले.

परंतु विद्यार्थी मित्रांनो, इतिहास इथेच थांबवला तर तो अपुरा राहील. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत, कबरस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुण मेले आणि त्यानंतर जमावाने दोन पोलिसांचे प्राण घेतले. ज्या गावाने १९९२ ची परीक्षा पार केली, त्याच गावात हे घडले. समिती ही बांधून ठेवलेली भिंत नव्हे. ती विहिरीसारखी असते. उपसा थांबला की पाणी खराब होते.

आपल्या रायगड किनाऱ्यालाही एक धडा मिळालेला आहे. १९९३ च्या आरंभी दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरविली गेली आणि १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले. या प्रकरणी पोलीस व कस्टम खात्यातील काहीजणांनाही न्यायालयाने दोषी ठरविले. ज्यांनी किनारा राखायचा, त्यांच्यातल्याच काहींनी तो विकला. म्हणूनच पुढे सागर रक्षक दलासारख्या योजनांत मच्छीमार आणि किनाऱ्यावरील तरुण यांना सामील करून घेण्यात आले. समुद्रात कोणती होडी आपली आणि कोणती परकी, हे कोळी बांधवांइतके कोणाला कळणार?

कायद्यानेही आता काही दारे उघडली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणांचे आदेश दिले. त्यानंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य आणि विभाग या पातळ्यांवर पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदविली की तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळालीच पाहिजे. ठाण्यात फिर्याद घेतली नाही, तर अलिबागेत जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करता येतो, आणि पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. गावपातळीवर २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिची समिती ग्रामसभेतून निवडायची असते. मग ग्रामसभेला आपण जातो का, हा प्रश्न प्रत्येक पालकाने स्वतःस विचारावा.

यात शिक्षणाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध मोठा आहे. अर्ज लिहिता येणे, कायद्याचे कलम वाचता येणे, बैठकीत आवाज न चढविता आपले म्हणणे मांडता येणे आणि दुसऱ्याचे ऐकून घेता येणे, ही सारी शिक्षणाचीच फळे आहेत. घरातील शिकलेली मुलगी आजीसाठी अर्ज लिहून देते, तेव्हा त्या घरात पोलीस ठाण्याची भीती थोडी कमी होते. आपल्या मुलांतून कोणी पोलीस खात्यात भरती झाला, तर मोहल्ल्याला ओळखणारा माणूस ठाण्यात जातो. पालकांनी त्यास उत्तेजन द्यावे. आणि मोबाईलवर आलेली भडकावू बातमी पुढे पाठविण्यापूर्वी एकदा शेजारच्या घरी आणि एकदा ठाण्यात खात्री करून घ्यावी, ही सवय विद्यार्थ्यांनी आजपासून लावून घ्यावी.

भिवंडीच्या लोकांनी जे केले, त्याला मोठा पैसा लागला नाही. एक सतरंजी, ठरलेला दिवस, दोन्ही बाजूंची चार माणसे आणि ऐकून घेणारा एक हवालदार एवढेच पुरले. सण येण्याची किंवा संकट कोसळण्याची वाट न पाहता आपल्या पेठेत आणि मोहल्ल्यातही अशी बैठक नियमाने भरावी, आणि तिच्यात आपल्या शाळांतून शिकून बाहेर पडलेले तरुण-तरुणी आवर्जून बसावेत, हीच अपेक्षा.